मुलाखतीतला प्रॉम्प्टर

त्या दिवशी सकाळी बाबा मटार सोलत होते आणि मुलगी धातूतल्या भेगांवर बोलत होती. त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता. पण तसं कोणी आधी सांगत नसल्यामुळे दोघांनीही तो नेहमीसारखाच, म्हणजे एकमेकांवर चिडण्यात घालवला.

"'धातू थकतो,'" मुलगी म्हणाली, "'आणि हा थकवा वरून दिसत नाही...'"

"थांब, थांब. कुठे पळतेस?" बाबांनी हातातली शेंग तिच्यावर रोखली. "'धातू थकतो.' याच्याआधी श्वास घे. इथे टाळी आहे."

"बाबा, ही विद्यापीठातली मुलाखत आहे. तिथे टाळ्या नसतात."

"टाळी नसेल. टाळीची जागा असते ना? ती सोडायची नाही."

बाबा जन्मभर एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत बसायचं, हातात संहिता धरायची आणि नट अडला की पुढचं वाक्य त्याच्या कानात सोडायचं, एवढंच त्यांचं काम. पण ते काम त्यांनी अशा निगुतीने केलं की त्यांचा आवाज नटाच्या कानापर्यंत जायचा आणि तिथेच विरायचा, पहिल्या रांगेलाही पत्ता लागायचा नाही. ज्या प्रयोगात प्रेक्षकांना प्रॉम्प्टर ऐकू आला तो प्रयोग पडला, असं ते मानत, मग भले नाट्यगृह डोक्यावर का घेतलेलं असेना.

निवृत्त झाल्यावर पंचाईत झाली. अडणारे नट संपले, सवय राहिली. मग दुकानदार "तुम्हाला काय..." म्हणून थांबला की बाबा त्याला "देऊ?" हा शब्द पुरवायचे. एकदा तपासून झाल्यावर डॉक्टर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तुमच्या हृदयाची जरा..." आणि योग्य शब्दासाठी थांबले. "काळजी घ्यायला हवी," बाबांनी वाक्य पुरं केलं आणि डॉक्टरांना बरोबर आल्याबद्दल मान डोलावून शाबासकी दिली. त्यानंतर काळजी घ्यायचं मात्र त्यांच्या लक्षात राहिलं नाही. ते वाक्य त्यांच्या मते डॉक्टरांचं होतं.

मुलगी धातूच्या थकव्यावर पीएचडी झाली होती. एकाच जागी वाकवत राहिलेली तार शेवटी का तुटते, हा तिचा विषय. पीएचडीनंतर आता ती पोस्टडॉक्टरल संशोधकाची जागा शोधत होती, आणि हे प्रकरण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आत्याला कधीच पटलं नव्हतं.

"डॉक्टर झालीस ना? मग आता डॉक्टरच्या पुढचं काय असतं?"

"अगं आत्या, आधी संशोधन शिकायचं, मग दोन-तीन वर्षं ते करून दाखवायचं. मग कायमची नोकरी."

"म्हणजे लग्न ठरलंय, पण आधी काही वर्षं नुसतं स्वयंपाक करून दाखव, असं म्हणतायत."

विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या अशा जागांच्या जाहिराती मुलगी रोज पाहायची. ती जागांकडे पाहत होती, जागांनी तिच्याकडे पाहायचं बाकी होतं. पण या वेळी एका विद्यापीठाच्या धातुशास्त्र विभागाला नेमका तिच्याच विषयातला माणूस हवा होता, आणि तिला ऑनलाइन मुलाखतीला बोलावलंही होतं. ही जागा हुकली तर पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणून गेले कित्येक दिवस ती आपलं भाषण घरभर म्हणत फिरत होती आणि बाबा लाल पेन्सिलीने त्यात श्वासाच्या खुणा करत होते. त्यातलं एक अक्षरही त्यांना कळत नव्हतं. पण संहिता पाठ होण्यासाठी ती कळावी लागते, असं त्यांनी आयुष्यात कधी मानलं नव्हतं. नटांनाही कुठे कळायची?

दुसऱ्या दिवशी मुलाखतीआधी तिने बाबांना समोर उभं केलं.

"मुलाखत संपेपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही."

"पाणी लागलं तर?"

"पाणी स्वयंपाकघरातच असतं."

"मला नाही गं. तुला."

"मला नको. कळलं? तुम्ही घरात नाही आहात."

"घरात नसणं मला चांगलं जमतं," बाबा म्हणाले. "पगार त्याचाच घेतला."

घराची रचना इथे आडवी आली. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नव्हतं, पडदा होता. पडदा, त्याच्यामागे बाबा आणि पलीकडे भाषण करणारी व्यक्ती, यातून जे व्हायचं तेच झालं.

पडद्यावर, म्हणजे लॅपटॉपच्या, तिघं जण उगवले. विभागप्रमुख, प्रयोगशाळेच्या बाई आणि प्रशासनातले एक गृहस्थ. धातूशी या गृहस्थांचा संबंध फक्त टाचणीपुरता होता, पण नियम त्यांना तोंडपाठ होते. मुलगी छान बोलली. सगळे श्वास जागच्या जागी पडले. टाळीच्या जागी तर प्रमुखांनी मान डोलावली. पडद्यामागे स्टूल समाधानाने करकरलं.

मग बाईंनी विचारलं, "भार काढून घेतला तर भेगेचं काय होतं?"

मुलगी विचार करू लागली. तिला गप्प राहून विचार करायची सवय होती, आणि तिच्या मार्गदर्शकांना त्याचं कौतुक होतं. संशोधनात शांततेला विचार म्हणतात. रंगभूमीवर तिला अपघात म्हणतात.

"'धातू थकतो,'" पडदा म्हणाला.

प्रमुखांनी मान वर केली. "कोणी काही बोललं का?"

ते माझे बाबा आहेत, ते प्रॉम्प्टर होते, प्रॉम्प्टर म्हणजे काय आणि त्यांना शांतता का सोसत नाही, हे सगळं त्या क्षणी समजावून सांगणं तिला धातुशास्त्रापेक्षा अवघड वाटलं.

"नाही," ती म्हणाली. "मला तरी काही ऐकू आलं नाही."

हे वाक्य समितीपर्यंत पोचलं, तसं पडद्यामागेही पोचलं. आणि बाबांनी त्याचा सरळ अर्थ घेतला. मुलीला ऐकू आलं नाही, असं मुलगी स्वतः सांगते आहे. म्हणजे आवाज कमी पडला. जन्मभरात पहिल्यांदा.

पुढच्या प्रश्नावर मुलगी विचार करायला थांबली तेव्हा पडद्यामागून जरा चढ्या आवाजात आलं, "'आणि हा थकवा वरून दिसत नाही.'"

"आला आवाज," बाई म्हणाल्या. "आता मलाही आला."

"मीही ऐकला," प्रशासनातले गृहस्थ म्हणाले. "उमेदवाराला कोणीतरी उत्तरं सांगत आहे."

"छे, छे," मुलगी घाईने म्हणाली. "मला खरंच काही ऐकू आलं नाही."

अजूनही नाही? बाबा हवालदिल झाले असावेत, कारण तिसऱ्या वेळी त्यांनी कुजबुज सोडूनच दिली. "मान वर! मान वर कर आणि घे, 'सूक्ष्म भेगा एकत्र येतात'!"

समितीतल्या तिघांनीही माना वर केल्या.

"खोली दाखवा," गृहस्थ म्हणाले.

मुलीने लॅपटॉप उचलून हळूहळू फिरवला. कपाट दिसलं, खिडकी दिसली, मग पडदा दिसला. पडद्याखाली दोन पाय होते. तिघांच्या डोळ्यांदेखत त्यातला एक वर गेला. मग दुसरा. कोणाला दिसायचं नाही हा धर्म पाळत बाबा स्टुलावर चढले होते. आता पडद्याखाली फक्त स्टुलाचे पाय उरले, आणि सगळं निभावलंही असतं, पण तेवढ्यात स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आत्या आली.

"अरे दादा, स्टुलावर काय चढलास? दिवा गेला का?"

"शू!"

"शू काय? आणि पडद्याला का बोलतोयस?"

मुलाखत स्थगित झाली. उमेदवाराला बाहेरून मदत मिळाली का याची चौकशी होईल, तोवर अर्ज बाजूला राहील, असं गृहस्थांनी सांगितलं आणि तिघंही मावळले.

मुलगी लॅपटॉप बंद करून तशीच बसून राहिली. पडदा हलला. बाबा स्टुलावरून उतरून बाहेर आले. ते माफी मागतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "तुला खरंच ऐकू आलं नाही?"

"बाबा!"

"नाही, पण त्या तिघांना आलं. कुठल्या कुठे बसलेत ते. आणि तू हाताच्या अंतरावर..."

"माझी नोकरी गेली, आणि तुम्हाला तुमच्या आवाजाची पडलीये?"

"पहिल्या वेळीसुद्धा नाही?"

"नाही!" ती ओरडली. "नाही आलं ऐकू! एक शब्द नाही! झालं समाधान?"

झालं नव्हतं, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. ती उठून आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावलं. त्या घरात तेवढं एकच दार नीट लागायचं.

दाराआडून तिला संध्याकाळभर घरातले प्रयोग ऐकू येत होते.

"तू गॅसपाशी उभी राहा," बाबा आत्याला सांगत होते. "मी इथून बोलतो. काय ऐकू येतं ते सांग."

थोडी शांतता.

"बोललास का?" आत्याने विचारलं.

"बोललो ना!"

"मग पुन्हा बोल. फोडणी तडतडत होती."

"नाट्यगृहात पाऊस पत्र्यावर तडतडायचा. तरी जायचा आवाज."

"तेव्हा दात होते तुझे. जेवायला बस."

मग जेवणं झाली. मुलगी बाहेर आली नाही. काही वेळाने दारापाशी पावलं थांबली. आणि त्या जुन्या, नेमक्या, फक्त एका कानासाठी घडवलेल्या आवाजात बाबा दाराच्या फटीतून म्हणाले, "ऐकू येतंय का?"

तिला स्वच्छ ऐकू आलं. त्या आवाजात लहानपणी तिला आजारपणात गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या, शेजारी झोपलेल्या आईची झोप न मोडता. तिने कूस बदलली आणि उत्तर दिलं नाही. सकाळी बोलू, असं तिने ठरवलं. रागाला निदान सकाळपर्यंतचा तरी मान द्यावा लागतो.

सकाळी ती उठली तेव्हा बाबा बाहेर गेले होते. दुपारी परत आले, इस्त्रीचा सदरा घालून. हा सदरा ते फक्त नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला घालत, जिथे त्यांना कोणी पाहणार नसायचं. "कुठे गेला होतात?" असं विचारावं असं तिच्या मनात आलं, पण तिने अजून बोलायला सुरुवात केली नव्हती, आणि सुरुवात प्रश्नाने करायची म्हणजे माघार घेण्यासारखं होतं. तिने त्यांच्यापुढे ताट ठेवलं. ते जेवले, छान झालंय म्हणाले आणि जरा आडवे झाले.

चहाच्या वेळी आत्याने त्यांना हाक मारली. नंतर पुन्हा मारली. मग तिने मुलीला हाक मारली.

त्यानंतर लोक आले, बसले, गेले. नाटकातले काही म्हातारे नट आले. त्यातल्या एकाने हात जोडून बोलायला सुरुवात केली, "आमच्यासाठी ते म्हणजे..." आणि तो अडला. सगळे थांबले. खोलीतल्या प्रत्येकाची नजर नकळत पडद्याकडे गेली. त्या नटाचं वाक्य तसंच राहिलं.

काही दिवसांनी विद्यापीठातून फोन आला. चौकशी संपली आहे, उमेदवारावर ठपका नाही, मुलाखतीचा राहिलेला भाग विभागात प्रत्यक्ष येऊन द्यावा.

"मी नाही जाणार," मुलगी म्हणाली.

"जाशील," आत्या म्हणाली. "माझा भाऊ या वयात तुझ्यासाठी स्टुलावर चढला. तुला बसने जायला काय होतंय?"

विभागाच्या इमारतीत लांब बोळ होता. दोन्ही बाजूंच्या खोल्यांतून यंत्रांची घरघर येत होती, कुठेतरी कोणीतरी एकाच धातूच्या पट्टीला पुन्हा पुन्हा वाकवत होतं. प्रमुखांच्या खोलीत तेच तिघं होते. लॅपटॉपबाहेर ते जरा बुटके आणि बरेच दमलेले दिसले. बाईंनी तिला पाणी दिलं आणि जे झालं त्याबद्दल वाईट वाटलं म्हणाल्या. बातमी त्यांना कळली होती.

"भाषण पहिल्यापासून करा," प्रमुख म्हणाले. "आपण काही झालंच नाही असं समजू."

ती उभी राहिली. पहिला परिच्छेद गेला, दुसरा गेला. मग ती त्या जागेपाशी आली आणि तिने श्वास घेतला. श्वास आला, पण पुढचं आलं नाही. ही विचाराची शांतता नव्हती. ही दुसरी होती. खिडकीबाहेर कोणीतरी सायकल लावली, ते ऐकू आलं.

प्रमुख जरा पुढे झुकले. त्यांनी आधी श्वास घेतला, मग ओठ फारसे न हलवता, हळूच म्हणाले, "'धातू थकतो.'"

"सर!" प्रशासनातले गृहस्थ ताडकन म्हणाले. "समितीच्या सदस्यांनी उमेदवाराला मदत करू नये, असा नियम आहे."

"अहो, तोंडातून गेलं."

मुलगी प्रमुखांकडे पाहत राहिली. वाक्य तिचं होतं, पण तो श्वास तिचा नव्हता. "तुम्हाला... हे असं कोणी सांगितलं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी बाई बोलल्या.

"मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी तुमचे वडील आले होते. इथे बोळात सकाळपासून बसून होते. म्हणाले, माझ्या मुलीला मी उत्तरं सांगितली नाहीत, कारण मला त्यातलं काहीच येत नाही, आणि हे मी सिद्ध करून दाखवू शकतो."

"नियमात अशी तरतूद नाही," गृहस्थ म्हणाले. "पण नाही म्हणणारीही नाही. म्हणून बोलावलं."

"उभे राहिले आणि तुमचं सगळं भाषण म्हणून दाखवलं," प्रमुख म्हणाले. "हातात कागद नाही. काय सांगू, मी इतकी वर्षं हा विषय शिकवतोय, पण भेग वाढते तेव्हा मला कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली."

"मग मी प्रश्न विचारले," बाई म्हणाल्या. "भेग म्हणजे काय, विचारलं. ते म्हणाले, 'पुढची ओळ देऊ?' धातू म्हणजे काय, विचारलं. तर म्हणाले, 'ते पान दुसरं.' काहीही विचारा, पुढची ओळ हजर. अर्धा तास आम्ही त्यांची परीक्षा घेतली, आणि प्रत्येक प्रश्नात नापास झाले की त्यांचा चेहरा जास्त खुलायचा."

"मी अहवालात लिहिलं," गृहस्थ म्हणाले, "की सदर गृहस्थांना विषयाचे कोणतेही ज्ञान नसल्याची समितीची पूर्ण खात्री झाली आहे. वाचून दाखवलं, तर इतका आनंद झाला त्यांना! म्हणाले, याची एक प्रत मिळेल का, बहिणीला दाखवतो."

मुलीला हसू आलं. किती दिवसांनी आलं, म्हणून ते जरा अडखळतच आलं, आणि मध्येच त्याचं दुसरं काहीतरी होऊ लागलं. ती खाली बसली.

"जाताना दारात थांबले," प्रमुख म्हणाले. "आम्हाला विचारलं, त्या दिवशी माझा आवाज तुम्हाला ऐकू आला? मी म्हटलं, अगदी स्पष्ट. मला वाटलं बरं वाटेल त्यांना. पण पडलाच चेहरा. म्हणाले, 'तुमच्यापर्यंत यायलाच नको होता. तिच्यापर्यंत जायला हवा होता. आणि तिला ऐकूच आलं नाही. सगळ्या जन्मात एकदा घरच्या माणसाला वाक्य द्यायची वेळ आली, आणि नेमका तेव्हाच...' पुढचं बोललेच नाहीत. आम्हीही काही सुचवू शकलो नाही."

प्रशासनातल्या गृहस्थांनी घसा साफ केला आणि फाइल उघडली.

"तर एक औपचारिकता राहिली आहे. अहवाल दोन गोष्टींवर उभा आहे. एक, सांगणाऱ्याला विषय येत नव्हता. दोन, उमेदवाराला काही ऐकूच आलं नाही, त्यामुळे मदत मिळण्याचा प्रश्न येत नाही. हे तुम्ही तेव्हा दोनदा सांगितलंत. आता समक्ष एकदा सांगितलंत की मी सही घेतो आणि विषय संपतो." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "त्या दिवशी तुम्हाला काही ऐकू आलं नव्हतं. बरोबर?"

समितीशी खोटं बोलणाऱ्या उमेदवाराचं काय होतं, हे तिला ठाऊक होतं. जाहिरातीच्या तळाशी ते ठळक अक्षरांत होतं. एक "हो" म्हटलं की जागा तिची होती. प्रयोगशाळा, पुढची वर्षं, सगळं. वाक्य अगदी तयार होतं, आधी म्हणून झालेलं होतं, सोपं होतं.

"ऐकू आलं होतं," ती म्हणाली.

बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. प्रमुख खिडकीकडे पाहू लागले. गृहस्थांचं पेन कागदावर टेकलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग कोऱ्या जागेवर काहीच न लिहिता त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"काय म्हणालात?" ते फाइल मिटत म्हणाले. "मला काही ऐकू आलं नाही. सर, तुम्हाला?"

"मलाही नाही," प्रमुख खिडकीकडेच पाहत म्हणाले.

"मला तर मुळीच नाही," बाई म्हणाल्या.

मुलीने मान वर केली. त्या खोलीला पडदा नव्हता. एक अर्धवट उघडं दार होतं आणि त्यापलीकडे रिकामा बोळ. ती त्या दाराकडे वळली. कुजबुजून नाही, शेवटच्या रांगेपर्यंत जावं अशा आवाजात ती म्हणाली,

"ऐकू आलं होतं, बाबा. तिन्ही वेळा. आणि दाराआडून विचारलंत, तेही."